न पाहिलेले चोवीस तास

मीठपाणी (धागा सुरू करणार)

मंडळी, अकरा आठवडे झाले, एक गोष्ट मनातून जात नाहीये. घरी सांगून झाली, पण घरचे माझ्याच बाजूने बोलणार. म्हणून इथे विचारतेय. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच येतील.

मी एका टेस्टिंग लॅबमध्ये नऊ वर्षं आहे. झिंक प्लेटिंग केलेले बोल्ट, क्लिप, ब्रॅकेट असले पार्ट आमच्याकडे सॉल्ट स्प्रेला येतात. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बंद चेंबरमध्ये ३५ अंश सेल्सिअसला मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं, एका लिटरला ५० ग्रॅम मीठ, आणि पार्ट त्यात ठरलेले तास ठेवायचे. आयएसओ ९२२७ या आंतरराष्ट्रीय मानकात ही पद्धत दिलेली आहे. या लॉटला ग्राहकाची अट होती, ९६ तासांपर्यंत पांढरा गंज, म्हणजे झिंक खराब होऊन येणारा पांढरा थर, दिसता कामा नये.

सोमवारी सकाळी दहाला दहा बोल्ट लावले. चेंबरमध्ये नरसाळी असतात, त्यांत किती पाणी जमतं त्यावरून धुकं नीट पडतंय का ते कळतं. रोज ते मोजून रजिस्टरला लिहिणं माझं काम. मंगळवार, बुधवार सगळं नीट. गुरुवारी दहाला ७२ तास झाले आणि नेमकं तेव्हाच एका मोठ्या ग्राहकाचं तातडीचं काम येऊन पडलं. दुसरं चेंबर भरलेलं. आमचे सर आले, झाकण उचलून पाहिलं. बोल्ट लख्ख. म्हणाले, "बहात्तरला ठिपका नाही, उरलेल्या चोवीस तासांत काय आभाळ कोसळणार आहे? काढ हे, आणि उद्या शहाण्णवचा रिपोर्ट देऊन टाक."

मी "हो सर" म्हटलं. मिनिटसुद्धा लागलं नाही. ते रागावलेले नव्हते, धमकी वगैरे काही नाही. मी हातमोजे घातले, बोल्ट काढले, थोडा वेळ सुकू दिले, मग कोमट पाण्याखाली धुतले. धुताना आट्यांवरून मिठाचा थर सुटत होता आणि खालून प्लेटिंग तसंच चमकत होतं. ते बघून मला खरंच वाटलं की सरांचं बरोबर आहे. शुक्रवारी रिपोर्ट टाइप केला. '९६ तास: पांढरा गंज आढळला नाही.' खाली माझी सही.

पुढचं महत्त्वाचं आहे. सॅम्पलच्या पिशवीत त्याच लॉटचे सहा बोल्ट उरले होते. दोन आठवड्यांनी एक चेंबर मोकळं मिळालं, तेव्हा कोणाला न सांगता ते लावले. मधल्या शनिवार-रविवारी सुट्टी असून जाऊन पाणी मोजून आले. पूर्ण ९६ तास. नंतर एकेक आटा भिंगाखाली पाहिला. एकावरही पांढरं नाही.

म्हणजे मी लिहिलं होतं ते खरं निघालं. त्या दिवशी सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. आधी निदान वाटायचं की मी एक धोका पत्करलाय. आता धोका नाही, कोणाचं नुकसान नाही, आणि तरी रिपोर्टला सही करायची वेळ आली की हात थांबतो. त्या रजिस्टरमध्ये चौथ्या दिवसाची ओळ मी कोरी सोडलीय. खोटे आकडे भरायला हात धजला नाही, आणि खरं लिहायचीही हिंमत झाली नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जे शेवटी खरंच निघालं ते लिहिणं खोटं होतं का? आणि आता हे ग्राहकाला सांगावं का? सांगितलं तर सर अडचणीत येतात. याच सरांनी मला हे काम हाताला धरून शिकवलं. मी आजारी होते तेव्हा तीन महिने माझी जागा कोणाला दिली नाही. मी त्यांचं नाव घेऊन मोकळी होऊ का?

---

रिकामी_खुर्ची

ताई, मी वेगळं सांगणार आहे आणि ते मनापासून सांगतेय. घाई करू नका.

मी हिशेबाच्या खात्यात होते. बिलांच्या तारखा मागेपुढे केल्या जात होत्या, ते मी एका बैठकीत उभं राहून बोलले. तोंडी. हातात कागद नाही, आधी कोणाशी बोलणं नाही, फक्त संताप. दीड महिन्यात माझं काम काढून घेतलं आणि सहा महिन्यांत मी बाहेर. तारखा तशाच चालू राहिल्या असणार. मी चुकले असं आजही म्हणणार नाही. पण ज्या पद्धतीने बोलले त्यात माझं गेलं आणि त्यातून कोणाला काहीच मिळालं नाही.

तुम्ही दुसऱ्यांदा पूर्ण टेस्ट केलीत. माल चांगला आहे. मग आधी स्वतःचं बघा. त्या दुसऱ्या टेस्टच्या नोंदी आहेत का? लेखी ठेवल्यात का? तारखा, धुक्याचं माप, फोटो? घरात कमावणारं दुसरं कोणी आहे का? हे प्रश्न सोडून फक्त 'सत्य बोला' म्हणणारे इथे येतीलच. त्यांचा पगार पहिल्या तारखेला जमा होत असतो.

---

काटकोन

एकतीस वर्षं तपासणीत काढली, आता निवृत्त आहे. मीठपाणी, तुमचा पहिला प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, तिथूनच सुरुवात करतो.

९६ हा आकडा कुठून आला? निसर्गात असा आकडा नाही. सॉल्ट स्प्रेमधले तास आणि बाहेर उघड्यावर पार्ट किती वर्षं टिकेल याचा थेट हिशेब जुळत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. मग ९६ म्हणजे काय? विकणारा आणि घेणारा यांनी आपसात ठरवलेली गोष्ट. 'तुम्ही इतके तास बघा, आम्ही त्यावर विश्वास ठेवू.' दोघांनाही एकमेकांच्या कारखान्यात जाऊन बसता येत नाही, म्हणून मध्ये तुम्ही. तुमच्या रिपोर्टात बोल्टबद्दल एक विधान आहे, '९६ तासांत गंज नाही.' ते खरं निघालं. पण त्याच ओळीत तुमच्याबद्दलही एक विधान आहे, 'मी ९६ तास पाहिलं.' ते त्या दिवशी खोटं होतं आणि सहा बोल्टांनी नंतर काहीही सांगितलं तरी ते खरं होत नाही. तुमचा हात थांबतो तो या दुसऱ्या विधानापाशी. थांबू दे. तो थांबायचा बंद होईल त्या दिवशी मला तुमची काळजी वाटेल.

आता 'निकाल तर चांगला आला' याबद्दल. अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाचं उदाहरण देतो. ते अपघात म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण मी ते सहीसाठी लक्षात ठेवलंय.

२८ जानेवारी १९८६. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान गेलं, सातजण गेले. रॉकेट बूस्टरच्या सांध्यांत रबरी रिंगा होत्या, ओ-रिंग, त्या थंडीत कडक होऊन सांधा नीट बंद झाला नाही. हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. आधीच्या उड्डाणांमध्ये रिंगा भाजलेल्या, झिजलेल्या सापडल्या होत्या. पण दरवेळी यान सुखरूप परत आलं. मग 'इतकं चालतं' असं ठरत गेलं. डायेन वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी या सगळ्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि त्यांचं म्हणणं हेच की तिथे कोणी एके दिवशी बसून वाईट निर्णय घेतला नव्हता, चुकीचं हळूहळू अंगवळणी पडलं. सुखरूप परत आलेलं प्रत्येक यान पुढच्या वेळेसाठी पुरावा ठरलं. तुमचे सहा स्वच्छ बोल्ट तुमच्या लॅबमध्ये उद्या नेमकं हेच काम करतील. सर म्हणतील, "मागच्या वेळी नाही का काढले बहात्तरला, काय झालं?"

आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी फोनवरच्या बैठकीत सांगितलं होतं की ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे साधारण १२ सेल्सिअसच्या खाली, उडवू नका. वरिष्ठांनी ते फिरवलं. त्यांच्यातल्याच एकाला सांगण्यात आलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. नियमाप्रमाणे कंपनीची लेखी शिफारस लागत होती. उड्डाणस्थळी कंपनीचे सगळ्यांत वरचे माणूस होते ॲलन मॅकडोनाल्ड. त्यांनी सही करायला नकार दिला. मग ती सही त्यांच्या वरिष्ठाने हजारो किलोमीटरवरून करून फॅक्सने पाठवली.

त्यांच्या नकाराने उड्डाण थांबलं नाही, हे मी मुद्दाम लिहितोय. पण नंतर चौकशी आयोगासमोर जे अर्धवट सांगितलं जात होतं, त्यात उठून "आम्ही उडवू नका म्हटलं होतं" हे सांगायला एक माणूस मोकळा होता. त्याबद्दल कंपनीने त्यांना बाजूला केलं. अमेरिकी संसदेतून दबाव आला तेव्हा परत घेतलं, आणि तोच सांधा नव्याने बनवायचं काम त्यांच्याकडे आलं.

तुमचे बोल्ट म्हणजे अवकाशयान नाही, मान्य. कुठल्या तरी कव्हरचे असतील. पण तुमच्याकडे येणाऱ्या पार्टांपैकी कुठला कव्हरचा आणि कुठला ब्रेकचा, हे तुम्हाला दरवेळी सांगितलं जातं का? आमच्याकडे तरी सांगत नसत.

मार्ग आहे, आणि तो तुमच्या कामाच्या नियमांतच आहे. लॅबच्या मानकात, आयएसओ १७०२५ मध्ये, चुकलेल्या कामाचं काय करायचं ते दिलेलं आहे. नोंद करायची, निकालावर काय परिणाम होतो ते बघायचं, गरज असेल तर ग्राहकाला कळवून रिपोर्ट परत घ्यायचा. दुरुस्त रिपोर्ट काढताना तो कुठल्या रिपोर्टच्या जागी आहे आणि काय बदललं ते लिहायचं. पहिली टेस्ट ७२ तासांवर थांबवली, इतकंच. दुसरी टेस्ट वेगळी, तिची तारीख वेगळी, तिचे सहा नग. दोन्ही एकत्र कालवू नका. आणि सगळ्यात आधी सरांशी बोला, बंद खोलीत. त्यांच्या पाठीमागे जाऊ नका. त्यांनी तुमच्यासाठी केलंय त्याची परतफेड म्हणजे त्यांना पहिल्यांदा सांगणं. त्यांच्याशिवाय कोणालाच न सांगणं ही परतफेड नव्हे.

---

खरेदीवाला

मी पलीकडच्या बाजूचा. माझा छोटा कारखाना आहे, असे रिपोर्ट मी विकत घेतो. माझ्या बाजूने कसं दिसतं ते लिहितो, गोड करून लिहीत नाही.

मला एका लॅबमधून असाच फोन आला होता. टेस्टच्या वेळी तापमान चढलं होतं, तरी रिपोर्ट दिला गेला, आम्ही तो परत घेतोय. माझा माल तोवर गेलेला. मला माझ्या ग्राहकाला कळवावं लागलं, त्याने लॉट अडवून ठेवला, माझे बारा दिवस गेले. मी त्या लॅबचं काम बंद केलं. रागाच्या भरात केलं आणि तेव्हा बरोबरच वाटलं.

दुसऱ्या लॅबकडे गेलो. तिथे सगळं वेळेवर, सगळं पास. सात-आठ महिन्यांत एकही रिपोर्ट नापास नाही. सुरुवातीला बरं वाटलं, मग एका रात्री जुने रिपोर्ट चाळत बसलो असताना ध्यानात आलं की माझ्या प्लेटरचं काम इतकं चांगलं कधीच नव्हतं. मग मी पहिल्या लॅबकडे परत गेलो. त्यांनी मधल्या काळात एक माणूस कमी केला होता, काम कमी झालं म्हणून. त्यात माझाही वाटा आहे, आणि ते मला अजून लागतं.

म्हणजे सांगितल्याची किंमत मोजावी लागते, ताई, कदाचित तुम्हालाच. पण एक गोष्ट तुमच्या सरांनाही वाचून दाखवा. गुरुवारी सकाळी मला फोन केला असतात, की "७२ पूर्ण झाले, स्वच्छ आहेत, चेंबर हवंय, ७२ चा रिपोर्ट चालेल का?" तर त्या लॉटपुरतं मी हो म्हणालो असतो. लेखी डेव्हिएशन, म्हणजे अटीतून सूट, दिलं असतं. दहापैकी सात वेळा आम्ही देतो. कारण कुठला बोल्ट कुठे जाणार हे मला माहीत असतं, तुम्हाला नसतं. तो निर्णय माझा होता. तुम्ही दोघांनी तो माझ्या वतीने घेतलात आणि मला सांगितलंही नाहीत. गंज आला असता की नसता यापेक्षा माझं दुखणं ते आहे.

२०१७ मध्ये जपानच्या कोबे स्टीलचं बाहेर आलं तेव्हा मी बारकाईने वाचलं होतं. ठरलेल्या मापात न बसणारा माल, पण दाखल्यावर आकडे बसवलेले, पाचशेहून जास्त कंपन्यांना गेलेला. तिकडे ग्राहकाला विचारून कमी दर्जाचा माल द्यायची सरळ, उघड रीत आहेच. विचारणं तेवढं गळालं, आणि ते थोडंथोडकं नाही, काही ठिकाणी दशकानुदशकं. मला त्यात लबाडीपेक्षा हेच जास्त दिसलं, की फोन करायचा कंटाळा आणि 'हे चालतंय' हे दुसऱ्याच्या वतीने ठरवून टाकणं.

---

अवलोकन

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. 'मिनिटसुद्धा लागलं नाही' या तुमच्या वाक्यावरून मला पुढे जाता येईना.

डार्ली आणि बॅटसन या दोघांचा १९७३ मधला एक प्रयोग आहे. धर्मगुरू व्हायचं शिक्षण घेणारे चाळीस विद्यार्थी. त्यांना एका इमारतीतून दुसरीकडे बोलायला पाठवलं. काहींचा विषयच बायबलमधली ती वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्याची गोष्ट. वाटेत एक माणूस दारात वाकून, खोकत, कण्हत बसवलेला. ज्यांना 'वेळ आहे' सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के. कोण कशावर बोलायला निघालाय याने ठळक फरक पडला नाही, फरक पाडला घाईने.

हे तुम्हाला माफ करायला सांगत नाहीये. पण तुम्ही स्वतःला 'मी खोटारडी आहे का' हे विचारताय, आणि मला वाटतं त्याहून उपयोगाचं हे विचारणं आहे की पुढच्या गुरुवारी दहा वाजता काय वेगळं असेल. चेंबर तेवढेच, काम तेवढंच, सरही तेच. त्या क्षणी तोंडातून 'हो सर' निघायच्या आत दुसरं एखादं वाक्य तयार लागेल. काय असेल ते? खरेदीवाला यांनी लिहिलेलं घ्या ना, "ग्राहकाला विचारते आणि सांगते." त्यात सरांना उलट उत्तर नाही आणि आरोपही नाही. मी असते तर कागदावर लिहून चेंबरच्या झाकणाला चिकटवलं असतं.

---

रिकामी_खुर्ची

काटकोन काका, मला तुमचं पटलं आणि तरी मी मागे घेत नाही. मॅकडोनाल्ड यांच्या मागे संसद उभी राहिली. ताईंच्या मागे कोण आहे? निदान सरांशी बोलल्यावर त्याच दिवशी तारीख घालून दोन ओळींची ईमेल टाका, 'आज आपलं असं बोलणं झालं.' त्यात तक्रार नको, फक्त झालेलं बोलणं. माझ्याकडे तेवढी एक जरी असती तरी पुरलं असतं.

---

मीठपाणी

सगळ्यांची उत्तरं दोन-तीनदा वाचली. उशिरा लिहितेय कारण मधे काही घडलं.

परवा संध्याकाळी सगळे गेल्यावर सरांच्या खोलीत गेले. दुसऱ्या टेस्टची वही बरोबर नेली होती. आधी तीच पुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली, शनिवार-रविवारच्या नोंदी बघून म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी आली होतीस?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मी खरेदीवाला यांनी लिहिलेलं जवळजवळ तसंच सांगितलं, की तो निर्णय ग्राहकाचा होता आणि आपण त्याला फोन केला नाही. सर चिडले. म्हणाले, पास झालेली टेस्ट उकरून काढून तू या ग्राहकाला घालवणार आहेस. मग म्हणाले, "मला तुझ्याकडून हे अपेक्षित नव्हतं." ते फार लागलं. मी म्हटलं, "सर, रिपोर्टावर नाव माझं आहे, तुमचं कुठेच नाही, आणि दुरुस्तीतही मी माझंच लिहीन. सही मी केलीय." त्यावर ते मान हलवून म्हणाले, "तसं नाही चालत. काढ म्हणणारा मी होतो."

ग्राहकाला फोन त्यांनीच केला, काल. मी समोर बसले होते. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, सर फक्त "हो", "बरोबर आहे", "आमची चूक" इतकंच म्हणत होते. दुरुस्त रिपोर्ट काढलाय, दोन टेस्ट वेगळ्या, काटकोन काकांनी सांगितलं तसा. पुढचं काम येईल की नाही माहीत नाही. ग्राहकाने दोन दिवस मागितलेत. सर माझ्याशी कामापुरतंच बोलतायत. रिकामी_खुर्ची, ईमेल टाकलीय, तुमच्यामुळे.

आज सकाळी रजिस्टर उघडून त्या कोऱ्या ओळीवर लिहिलं: 'टेस्ट ७२ तासांवर थांबवली. चेंबर दुसऱ्या कामाला दिलं. नोंद उशिरा केली आहे.' आणि आजची तारीख घातली. मग नरसाळ्यातलं पाणी मोजायला गेले, आज दुसऱ्या एका लॉटचे ४८ तास झालेत.